बोरी आणि तुऱ्याचं गवत

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की रोपवाटिकांत पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या दिवसांत कुठलंही रोप देखणंच दिसतं. काळ्या पिशवीतलं फाउंटन ग्रास वाऱ्यावर डुलत असतं, त्याचे जांभळट तुरे हाताला मऊ लागतात. शेजारी बोरीचं कलम दोन वाकड्या काड्या आणि पाच-सहा पानं घेऊन उभं असतं. बहुतेक जण गवत उचलतात. त्यात त्यांची चूक नाही, कारण जूनमध्ये डोळ्यांना तेच पटतं.

पण मराठवाड्यातली बाग जूनमध्ये ठरवू नये, मे महिन्यात ठरवावी. रोप हातात घेतल्यावर एकच प्रश्न विचारावा: वैशाखातल्या दुपारी, बोअर आटलेली असताना आणि टँकरची वाट बघत असताना, हे झाड माझ्याकडे काय मागेल? आपल्या आठही जिल्ह्यांत वर्षाचा पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास; तोही चार महिन्यांत, आणि त्यातही मधे तीन-तीन आठवडे दडी मारून. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. ज्या गावानं ते बघितलंय, त्या गावातल्या अंगणात पाण्याचा हिशेब हा सौंदर्याचाच भाग असतो असं मला वाटतं.

‘ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परभणी जिल्ह्यात बोरी आहे, लातूरजवळ बाभळगाव आहे, नांदेड जिल्ह्यात बाभळीचा बंधारा आहे आणि हिवरा नावाची गावं तर कितीतरी. काटेरी झाड इथं परकं नाही. बागेसाठी म्हटलं तर तीन-चार पर्याय सरळ डोळ्यासमोर येतात. जागा अरुंद असेल तर रामकाठी बाभूळ: फांद्या सरूसारख्या वर चढतात, सावली कमी पडते, म्हणून शेतकरी तिला बांधावर ठेवतात. वासाची हौस असेल तर देवबाभूळ: दहा-बारा फुटांचं झुडूप, थंडीत पिवळ्या गोंड्यांनी भरतं. हिवराची पांढुरकी साल सुंदर, पण त्याचा पसारा मोठ्या आवारालाच झेपतो. आणि वेडी बाभूळ कुणी कितीही ‘आपोआप येते’ म्हणून सांगितलं तरी आवारात येऊ देऊ नये. तोडली तरी बुडातून फुटते आणि चार वर्षांत कुंपणाचं रान करते. घरच्या बागेसाठी माझं मत बोरीला. ती फळ देते, तिची उंची आपल्या कोयत्यात असते, आणि उन्हाळ्यात तिला आपली गरज लागत नाही.

बोरीची एक फांदी जवळून बघा. प्रत्येक पानाच्या बुडाशी दोन काटे असतात आणि ते एकसारखे नसतात. एक सरळ, सुईसारखा, बाहेर रोखलेला. दुसरा आखूड, मागे वळलेला, आकड्यासारखा. हात आत घालताना सरळ काटा टोचतो, हात मागे ओढताना वाकडा धरतो. म्हणून बोरीत बाही अडकली तर मागे खेचायची नसते. हात थोडा आणखी आत न्यायचा, आकडा सुटला की मग बाजूनं काढायचा. पान उलटं करा: वरून चकचकीत हिरवं, खालून पांढरी लव, आणि देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. त्या लवेमुळे पानातलं पाणी उडायचं प्रमाण कमी राहतं. कोरड्या मुलखात जगायची तयारी या झाडानं पानापासूनच केलेली आहे.

‘दारात काटेरी झाड नको’ ही समजूत सगळ्यांनी ऐकलेली असते. तिच्यातला व्यवहार मला मान्य आहे: पाऊलवाटेवर, फाटकाशी, मुलं सायकल फिरवतात तिथं बोर लावू नये. तेवढं पाळलं की पुरे. पण गवताला काटा नसतो हा समज मात्र चुकीचा. आपल्या माळावरच्या कुसळी गवताचं एक कुसळ तळहातावर घ्या आणि त्यावर पाण्याचा थेंब सोडा. पीळ पडलेलं ते लांब शेपूट हळूहळू उलगडत फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ घेतं. ओलं-कोरडं होताना बी स्वतःला जमिनीत असं स्क्रूसारखं फिरवून घेतं, आणि जमीन मिळाली नाही तर मोज्यात, मेंढीच्या लोकरीत, कुत्र्याच्या कानात. बागेत शोभेसाठी लावतात त्या उंच पंपास गवताच्या पात्याची कड करवतीसारखी असते. उघड्या हातानं पातं ओढलं तर ब्लेडनं कापावं तशी बारीक चीर पडते, आणि ती पाणी लागेपर्यंत कळतही नाही. बोरीचा काटा निदान दिसतो.

आता मे महिन्याकडे या. बोरीची पानं एप्रिलपासून पिवळी पडून झडायला लागतात. मे उजाडेपर्यंत झाड जवळजवळ उघडं होतं. नवखा माणूस इथं घाबरतो, झाड वाळलं म्हणून पाणी सुरू करतो. ती वाळलेली नसते, झोपलेली असते. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवी आणि ओलसर असते. या झोपेत तिला रोज पाणी दिलं तर ती अवेळी फुटते, कोवळी फूट उन्हात करपते, आणि पुढं पान जास्त, फळ कमी असा प्रकार होतो. लॉनच्या मधोमध लावलेल्या बोरी नीट फळत नाहीत त्याचं एक कारण हेच.

गवतही झोपतं, पण वेगळ्या रीतीनं. पाणी तोडलं तर वरचं सगळं वाळून पेंढा होतो आणि जीव बुडातल्या फुटव्यांत राहतो. आपल्या काळ्या मातीत इथंच अडचण येते. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. गवताची केसाळ मुळं वरच्या फूट-दीड फुटात पसरलेली असतात. भेग उघडली की ती ताणून तुटतात. बोरीचं सोटमूळ भेगांच्या खाली, मुरमात पोचलेलं असतं. वर जमीन कितीही उकलली तरी तिला फारसा फरक पडत नाही. म्हणून शोभेचं गवत काळ्या रानात उन्हाळाभर जिवंत दिसायला हवं असेल तर माती कधीच पूर्ण सुकू देता येत नाही, आणि तिथून पाण्याचा खर्च सुरू होतो.

तो खर्च मांडूनच बघू. फाउंटन ग्रासच्या एका भरलेल्या ठोंबाला उन्हाळ्यात आठवड्याला साधारण दहा लिटर धरा. वाटेच्या कडेला वीस ठोंब लावले तर आठवड्याचे दोनशे लिटर. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत सतरा आठवडे म्हटले तरी तीन हजार चारशे लिटर झाले, आणि हे दरवर्षी. बोरीच्या रोपाला पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पंधरा लिटर द्यावे लागतात, म्हणजे एका उन्हाळ्याचे अडीचशे लिटर. तेही पाइपनं देण्यापेक्षा बुडापासून फूटभर अंतरावर एक मडकं मानेपर्यंत पुरावं, तळाला बारीक भोक पाडून त्यात सुती वात बसवावी, तोंडावर झाकण ठेवावं. पाणी मुळाशीच मुरतं, वर तण येत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यापासून हे मडकं काढून घ्यायचं. त्यानंतर बोर आपली आपण जगते.

लागवडीत लोक सगळ्यात मोठी चूक खड्ड्याची करतात. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल असा खड्डा एप्रिलमध्ये घेऊन महिनाभर उन्हात तापू द्यावा, इथवर सगळे बरोबर असतात. मग त्यात विकतची पोयटा माती आणि खत ठासून भरतात. आजूबाजूची माती चिकण काळी, आत मोकळी पोयटा. पावसाळ्यात सगळीकडचं पाणी त्या मोकळ्या जागेत गोळा होतं आणि बाहेर पडत नाही. खड्ड्याची बादली होते. रोप ऑगस्टमध्ये पिवळं पडतं आणि माणूस पाणी कमी पडलं असं समजून आणखी घालतो. त्यापेक्षा खड्ड्यातून निघालेलीच माती, तिच्यात तिसरा हिस्सा बारीक मुरूम, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि एक किलो सुपर फॉस्फेट असं नीट कालवून भरावं, आणि भर जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच ठेवावी. पावसाळ्यात भर खाली बसते. खड्ड्याच्या तळाला नुसत्या खडीचा थर देऊ नये. पाणी त्या थराशी येऊन अडकतं. खडी द्यायची तर मातीत मिसळूनच द्यावी.

रोप विकत घेताना पिशवीचा तळ दाबून बघा. बोटांना मूळ गुंडाळी झाल्यासारखं लागलं तर ते रोप घेऊ नका. बोरीचं सोटमूळ एकदा गोल फिरलं की जमिनीतही तसंच राहतं, आणि झाड चौथ्या-पाचव्या वर्षी वादळात बुडासकट कलंडतं. ज्यांना घाई नाही त्यांच्यासाठी जागेवरच बी लावणं सगळ्यात चांगलं. रानबोरीच्या पक्क्या बिया घ्याव्यात, पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकाव्यात, उरलेल्यांचं कवच हलक्या हातानं दगडावर तडकवावं. अख्खी बी उगवायला तीन-चार आठवडे घेते, तडकवलेली आठवड्याभरात वर येते. पहिला पाऊस झाला, जमिनीला वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती कामाजोगी ओलसर झाली, की वितीवितीवर तीन बिया पाऊण इंच खोल टोकायच्या आणि महिन्यानं त्यातलं एकच जोमदार रोप ठेवायचं.

पुढच्या वर्षी जुलैत ते पेन्सिलएवढं जाड झालं की त्यावर उमराण किंवा कडाका यांसारख्या जातीचा डोळा भरायचा, म्हणजे त्या जातीच्या फांदीवरची कळी सालीसकट काढून या रोपाच्या सालीत बसवायची. डोळा घेताना पानाचं पातं कापून देठाचा अर्धा इंचाचा तुकडा तसाच ठेवावा, आणि प्लास्टिकच्या पट्टीनं बांधताना तो तुकडा बाहेर राहील असं बघावं. तीन आठवड्यांनी त्या तुकड्याला बोट लावायचं. नुसत्या स्पर्शानं गळून पडला तर डोळा जगला. वाळून चिकटून बसला असेल तर मेला; दुसऱ्या बाजूनं पुन्हा भरायचा. एवढी सोपी परीक्षा दुसऱ्या कुठल्या कामात क्वचितच मिळते.

डोळा जगल्यावरही डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं ते खुंटाकडे, म्हणजे ज्यावर डोळा भरला त्या मूळ रानबोरीच्या रोपाकडे. डोळ्याच्या खालून, रानटी खुंटाला सतत फूट येते आणि ती कलमापेक्षा जोरात वाढते. चार महिने दुर्लक्ष झालं की कलम मागे पडतं, खुंट झाड बनतो, आणि तिसऱ्या वर्षी उमराणाच्या जागी वाटाण्याएवढी चण्यामण्या बोरं लागतात. मग रोपवाटिकेनं फसवलं म्हणून ओरड होते. खुंटाची फूट ओळखायची खूण अशी: पान लहान आणि गोलसर, काटे दाट. दिसली की बोटानं चिमटून बुडातूनच काढावी. कात्रीनं कापली तर तिथून दोन निघतात. काहींना मात्र ती आंबट-तुरट रानबोरंच हवी असतात. तसं असेल तर डोळा न भरणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. संक्रांतीच्या सुगडात आणि बाळाच्या बोरन्हाणात तीच बारीक बोरं शोभतात.

पहिली तीन वर्षं झाडाला आकार द्यायची. खोड अडीच फुटांपर्यंत एकच ठेवावं, आधाराला बांबू द्यावा कारण बोरीच्या फांद्या लवकर लोंबतात, आणि वर चार दिशांना चार फांद्या राखाव्यात. त्यानंतर दरवर्षी एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत, पानं झडलेली असताना, छाटणी. मागच्या पावसाळ्यात वाढलेल्या फांद्या निम्म्यावर आणायच्या. आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि जमिनीकडे झुकलेल्या मुळातून काढायच्या. हे काम टाळता येत नाही, कारण बोरीचं फूल नव्या फुटीवरच, पानाच्या बगलेत येतं. छाटली नाही तर नवी फूट आखूड येते, फळं बारीक होत जातात आणि सगळी उंच टोकाला लागतात. छाटणी जूनच्या पावसात केली तर पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. जाड काप असेल तिथं बोर्डो पेस्ट लावावी: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम चुना, एक लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करायचं.

रोग-किडीचा त्रास होतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बारीक फळांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. दहा लिटर पाण्यात पंचवीस ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक, सकाळच्या गार वेळेला. कडक उन्हात गंधकानं पानं भाजतात. फळ पिकताना बीजवळ अळी निघाली तर ती फळमाशीची. तिच्यावर औषधापेक्षा झाडणं कामी येतं. खाली पडलेलं प्रत्येक बोर रोजच्या रोज वेचून दोन फूट खोल गाडायचं किंवा बंद पिशवीत उन्हात तापवायचं, आणि मेमध्ये झाडाखालची माती चार बोटं खोल उकरून ठेवायची. कोष तिथंच मातीत असतात. ऊन आणि साळुंक्या पुढचं काम करतात. फांदीच्या बेचक्यात लाकडाच्या भुश्याचं आणि विष्ठेचं जाळं लोंबताना दिसलं तर आत साल खाणारी अळी आहे. जाळं पुसून काढावं, भोकात तार घालून अळी मारावी, रॉकेल किंवा पेट्रोलचा बोळा कोंबून वरून चिखल लिंपावा.

आता गवताकडे. त्याचा मला राग नाही. सप्टेंबरातल्या संध्याकाळी उतरतं ऊन तुऱ्यांच्या मागून येतं तेव्हा फाउंटन ग्रासइतकी सुंदर गोष्ट बागेत दुसरी नसते, आणि ते पहिल्याच वर्षी दिसतं. बोरीसाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं. घ्यायचं तर जांभळ्या पानाचं घ्यावं. ते सहसा बी धरत नाही. हिरव्या पानाचं, मुळात आफ्रिका-पश्चिम आशियातलं गवत वाऱ्याबरोबर बी सोडतं, आणि हवाई बेटांवर त्यानं केवढं रान माजवलंय हे माहीत असताना ते आपल्या माळाशेजारी लावणं मला बरोबर वाटत नाही.

लावताना दोन ठोंबांत दोन फूट अंतर, आणि ठोंबाचं बूड भोवतालच्या जमिनीपेक्षा एक इंच वर. काळ्या मातीत बूड खाली गेलं की पावसाच्या झडीत ते कुजतं, आणि वरचं पातं ओढलं की सरळ हातात येतं. खत जवळजवळ नकोच. युरिया घातलेलं गवत उंच होतं, पोचट होतं आणि पहिल्या वाऱ्यात लोळतं. लोळलेला ठोंब त्या हंगामात पुन्हा उभा राहत नाही.

छाटणीची वेळ इथं थंड देशांतल्या पुस्तकांवरून घेऊ नये. तिकडं थंडी सरताना छाटा म्हणतात. आपल्याकडे फेब्रुवारीत छाटलं तर आठ दिवसांत फूट येते, आणि मग चार महिने त्या कोवळ्या फुटीला पाणी पाजत बसावं लागतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात, रोहिणी नक्षत्रात छाटावं. आधी ठोंबाला कमरेशी सुतळीनं घट्ट बांधायचं, मग जमिनीपासून अर्धा फूट ठेवून विळ्यानं कापायचं. पेंढी अखंड उचलता येते, पसारा होत नाही. मात्र वाळलेला ठोंब म्हणजे पेंढाच. तो चूल, इन्व्हर्टरची जागा, गाडी उभी करायची जागा यांच्याजवळ असेल तर मेपर्यंत थांबू नका, मार्चमध्येच कापा आणि मग पाणी देऊ नका. तीन वर्षांनी ठोंबाचा मध्य पोकळ होतो, कारण नवे फुटवे बाहेरच्या कडेला येतात आणि आतले जुने मरून गच्च बसतात. जूनच्या वाफशावर आख्खा ठोंब पहारीनं उचलून कुऱ्हाडीनं चार तुकडे करायचे, बाहेरचे हिरवे तुकडे लावायचे, मधला फेकून द्यायचा. हे काम कष्टाचं आहे आणि दर तिसऱ्या वर्षी येणारच. त्यात ठोंबाच्या पोटात हराळी किंवा कुंदा शिरला असेल तर खुरपून निघत नाही. दोन्हींची मुळं एकमेकांत विणलेली असतात. तेव्हा ठोंब टाकूनच द्यावा.

पंपासबद्दल एवढंच: दक्षिण अमेरिकेतलं, आडदांड वाढणारं गवत आहे. छोट्या आवारात ते लावू नये.

घराच्या भिंतीचा विचार दोन्हींच्या बाबतीत करावा लागतो आणि तो बहुधा कुणी करत नाही. काळ्या मातीवरचं घर मातीच्या फुगण्या-आकसण्यावर तरंगत असतं. झाड भिंतीलगत असेल तर त्याची मुळं पायाखालची ओल ओढतात, तिथली माती आकसते, पाया खचतो. गवताचा पट्टा भिंतीलगत असेल तर उलटं: रोजच्या पाण्यानं त्या बाजूची माती फुगते. एका बाजूला फुगलेली, दुसऱ्या बाजूला आकसलेली माती असली की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, आणि लोक गवंड्याला दोष देतात. बोर भिंतीपासून किमान अठरा-वीस फूट लांब हवी. पाणी लागणारं गवत निदान पाच-सहा फूट. भिंतीलगतची जागा फरशीनं किंवा मुरमानं कोरडी ठेवलेली बरी.

सुगरण पक्ष्याला हा वाद कळायचा नाही. घरटं विणायला तो गवताची, उसाची, ज्वारीची लांब पाती चिरून आणतो आणि ती विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या नाहीतर बोरीच्या काटेरी फांदीला टांगतो, जिथं सापाला आणि मांजराला चढणं अवघड. खाटीक पक्षी पकडलेला नाकतोडा काट्याला टोचून ठेवतो. मुनिया गवताचं बी खाते आणि काटेरी झुडपात घर करते. पक्षी हवे असतील तर आवारात काटा हवाच, आणि थोडं न कापलेलं गवतही हवं.

त्या गवतासाठी मी वाळा सुचवेन. उन्हाळ्यात माठात टाकतो, कूलरच्या ताटीत भरतो, तोच. शोभेचं गवत म्हणून त्याच्याकडे आपण बघतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पुरुषभर उंचीचा, कमानीसारखा झुकणारा ठोंब, वर जांभळट तपकिरी तुरा, आणि मुळं पसरत नाहीत, सरळ खाली जातात. चांगल्या जमिनीत दहा फुटांपर्यंत. त्यामुळे भेगाळ मातीतही त्याची खालची मुळं शाबूत राहतात. जमिनीची धूप थांबवायला १९८०च्या दशकात जागतिक बँकेनं याच गवताचा प्रसार केला. दक्षिण भारतातला जो वाळा लागवडीसाठी वापरतात त्याला उगवणारं बी धरत नाही, म्हणून तो शेजारच्या रानात शिरत नाही. छतावरचं पावसाचं पाणी जिथं पडतं त्या नालीच्या कडेला, उताराला आडवा असा त्याचा एक पट्टा असावा. बेणं तयार करताना ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचा एकेक तुकडा करायचा, पातं वीतभर आणि मुळं तीन बोटं ठेवून बाकीचं छाटायचं, आणि कुंपणासारखी ओळ हवी असेल तर वीतवीत, सुटे ठोंब हवे असतील तर दोन-दोन फुटांवर लावायचं. पहिला महिना माती ओलसर राहिली पाहिजे. पहिल्या वर्षीचा उन्हाळा पंधरवड्यातून एक पाणी. दुसऱ्या वर्षीपासून तो पिवळा पडतो, पण मरत नाही. मुळं हवी असतील तर दीड वर्षानं कडेचे एक-दोन ठोंब खणून काढावेत, पूर्ण ओळ उचलू नये.

वाळ्याच्या नव्या बेण्याला धोका असतो तो शेळ्यांचा आणि मोकाट जनावरांचा. पहिली कोवळी फूट खाताना ती बेणंच उपटतात. इथं मेमधल्या बोराट्या, म्हणजे बोरीच्या छाटलेल्या काटेरी फांद्या, कामाला येतात. छाटणीच्या फांद्या जाळू नका, बुडखे एका दिशेला करून कोपऱ्यात रचून ठेवा. जूनमध्ये वाळा लावला की त्याच बोराट्या ओळीच्या दोन्ही अंगांना, बुडखे आत आणि शेंडे बाहेर असे दाबून ठेवायच्या, वर दोन दगड. किती फांद्या ठेवल्या ते भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. दसऱ्यापर्यंत वाळा गुडघ्याच्या वर येतो. तेव्हा जाड चामड्याचे हातमोजे घालून बोराट्या मोजून परत काढा, आणि मग लोहचुंबकानं खिळे वेचावेत तशा काळजीनं, एक जुनं गोणपाट पाण्यात भिजवून त्या पट्ट्यावरून हळू ओढत न्या. मातीत मोडून राहिलेले सुटे काटे त्याला चिकटून येतात.